डॅक बोर्डचं इंटरप्ट आणि पॉवर: आलेखाचे दोन्ही अक्ष खरे राहावेत म्हणून

डेटा अ‍ॅक्विझिशन बोर्ड, म्हणजे रोजच्या बोलण्यातला डॅक बोर्ड, करतो ते काम सांगायला सोपं आहे. सेन्सरकडून आलेलं व्होल्टेज ठरावीक वेळाने मोजायचं, त्याचा आकडा करायचा आणि तो कॉम्प्युटरच्या हवाली करायचा. स्क्रीनवर त्याचा आलेख उमटतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर व्होल्टेज. बोर्ड बसवताना ज्या दोन सेटिंगचा सगळ्यात जास्त कंटाळा केला जातो, त्या नेमक्या या दोन अक्षांशी बांधलेल्या आहेत. इंटरप्टचं गणित चुकलं की आडवा अक्ष खोटा होतो: मधले नमुने, म्हणजे त्या त्या क्षणी मोजलेले आकडे, गळतात आणि आलेख मात्र सलग दिसत राहतो. पॉवरचं चुकलं की उभा अक्ष खोटा होतो: सेन्सर ठीक, प्रोग्राम ठीक, पण आकडे हलतात. दोन्ही वेळा खापर सेन्सरवर फुटतं. म्हणून सेन्सरची एकही वायर जोडण्याआधी या दोन गोष्टी मार्गी लावाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

इंटरप्ट नेमकं काय करतं

नमुना कधी घ्यायचा, हे इंटरप्ट ठरवतं असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. चांगल्या बोर्डवर ते काम बोर्डचाच टायमर करतो. जुन्या बोर्डांवर त्यासाठी बहुधा ८२सी५४ ही काउंटरची चिप असे. १० मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलला १०० ने भागलं की सेकंदाला १ लाख नमुन्यांचा ठेका मिळतो, आणि त्या क्षणी कॉम्प्युटर काय करतोय याच्याशी त्या ठेक्याला काही देणंघेणं नसतं. इंटरप्टचं काम त्यानंतरचं आहे: नमुने तयार आहेत, उचला, अशी वर्दी प्रोसेसरला देणं. वर्दी आली की प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, ते कुठवर आलं होतं त्याची नोंद ठेवतो, ड्रायव्हरमधला ठरलेला छोटा प्रोग्राम चालवून नमुने उचलतो आणि पुन्हा मूळ कामाला लागतो. ही सोय नसेल तर प्रोसेसरला स्वतःच बोर्डला सतत विचारत बसावं लागतं. त्याला पोलिंग म्हणतात. सेकंदाला एखादं तापमान वाचायचं असेल तर पोलिंग पुरतं, आणि तेवढ्यासाठी इंटरप्टच्या खटाटोपात पडूही नये.

वेग वाढला की चित्र बदलतं. सेकंदाला १ लाख नमुने म्हणजे दर १० मायक्रोसेकंदांना एक. प्रत्येक नमुन्याला एक वर्दी द्यायची ठरवली तर प्रोसेसरचा वेळ नुसत्या ये-जा करण्यात जाईल. शिवाय विंडोज किंवा लिनक्ससारख्या सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक वर्दी १० मायक्रोसेकंदांच्या आत हाताळली जाईल, याची हमी नसते. म्हणून बोर्डवर फिफो नावाची मेमरी असते. तिच्याकडे पाण्याच्या टाकीसारखं पाहा. नमुने एकसारख्या धारेने पडत राहतात, टाकी अर्धी भरली की बोर्ड वर्दी देतो आणि प्रोसेसर साठलेलं एका दमात उपसून नेतो. फिफो १०२४ नमुन्यांचा असेल तर ५१२ नमुने साठायला ५.१२ मिलिसेकंद लागतात. वर्दी गेल्यानंतर उरलेली अर्धी जागा भरायला आणखी ५.१२ मिलिसेकंद. हा दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण प्रोसेसरला मिळणारी सवड तीच. तेवढ्या वेळात तो आला नाही तर फिफो भरून वाहतो.

ही सवड कागदावर मांडल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका. बहुतेक बोर्डांवर एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, एकच असतो आणि तो सगळ्या चॅनेलमध्ये वाटला जातो. ८ चॅनेल, प्रत्येकी २०,००० नमुने म्हणजे एकूण सेकंदाला १,६०,००० नमुने, आणि सवड उरते ३.२ मिलिसेकंद. वर्दी कधी द्यायची हे बदलायची सोय बोर्डवर असेल तर मी पाव फिफोवर ठेवतो. १ लाखाच्या वेगाला दर २५६ नमुन्यांवर वर्दी म्हणजे सेकंदाला साधारण ३९० वर्द्या. आजच्या प्रोसेसरला त्या जाणवतही नाहीत. सवड मात्र ५.१२ वरून ७.६८ मिलिसेकंदांवर जाते.

फिफो वाहिला की बोर्डच्या स्टेटस रजिस्टरमध्ये ओव्हररनचा बिट चढतो. तो वाचून तपासणं हे तुमच्या प्रोग्रामचं काम आहे. प्रोग्रामने तिकडे पाहिलंच नाही, तर गळलेल्या नमुन्यांच्या पुढचे नमुने मागच्यांना चिकटून बसतात आणि आडव्या अक्षावरचा वेळ तिथून पुढे सगळाच चुकतो.

कोणता नंबर द्यायचा

कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत कॉम्प्युटरला जोडण्याच्या आयएसए आणि पीसी/१०४ या जुन्या पद्धतींचे बोर्ड अजून कामावर आहेत, आणि तिथे इंटरप्टच्या लाइनचा नंबर जंपरने, म्हणजे पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने, हातानेच द्यावा लागतो. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५९ ही इंटरप्ट कंट्रोलरची एकच चिप होती, तिला ८ लाइन. १९८४ च्या पीसी एटीमध्ये दुसरी ८२५९ आली आणि ती पहिलीच्या २ नंबरच्या लाइनवर जोडली गेली. म्हणून लाइन १६ दिसल्या तरी वापरायला १५ उरल्या. त्यातल्या बहुतेक आधीच वाटल्या गेलेल्या असतात: ० सिस्टिम टायमरला, १ कीबोर्डला, ३ आणि ४ सीरियल पोर्टना, ६ फ्लॉपीला, ७ प्रिंटरला, ८ घड्याळाला, १२ माउसला, १३ गणिती कोप्रोसेसरला, १४ आणि १५ हार्ड डिस्कला. बोर्डसाठी उरतात ५, ९, १० आणि ११. सीरियल किंवा प्रिंटर पोर्ट वापरात नसेल तर बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधून, तो बंद करून त्याची लाइन मोकळी करता येते.

या चारांत १० किंवा ११ घ्यावी. दुसरी चिप २ नंबरवर लटकलेली असल्यामुळे तिच्या सगळ्या लाइन, म्हणजे ८ ते १५, प्राधान्यक्रमात ३ च्या आधी येतात. आकड्याने ५ लहान असला तरी १० ची वर्दी त्याच्या आधी ऐकली जाते. अडचण एवढीच की ८ बिटचा आखूड कनेक्टर असलेल्या बोर्डला १० आणि ११ मिळतच नाहीत. त्या लाइन कनेक्टरच्या पुढच्या, जादा भागात असतात. अशा बोर्डवर जंपरच्या जागी २ असं छापलेलं दिसेल. पण एटी आणि त्यापुढच्या मशीनवर ती तार प्रत्यक्षात ९ नंबरची आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टिम तिला ९ म्हणूनच ओळखते. जंपर २ वर आणि ड्रायव्हरमध्येही २, अशी जोडी जमवून वर्दीची वाट पाहत बसणं अगदी सहज घडतं.

जंपर लावल्यावर बायोसमध्ये जाऊन तीच लाइन जुन्या आयएसए कार्डसाठी राखून ठेवायची, नाहीतर मशीन चालू होताना ती आयएसएनंतर आलेल्या पीसीआय पद्धतीच्या एखाद्या कार्डला दिली जाऊ शकते. बेस अ‍ॅड्रेसचंही तसंच. डिप स्विचने दिलेला पत्ता, बहुधा ३०० हेक्स, ड्रायव्हरमध्ये तोच लिहिलेला असला पाहिजे.

चढती कडा की टिकून राहिलेली पातळी

इथे थोडं थांबू, कारण अधूनमधून बंद पडणाऱ्या बोर्डांचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आयएसए बसवर इंटरप्ट एज ट्रिगर्ड असतो. लाइन खालून वर चढते त्या क्षणाचीच दखल घेतली जाते, नंतर ती कितीही वेळ वर राहिली तरी कुणी विचारत नाही. याचा पहिला परिणाम म्हणजे दोन बोर्डना एक लाइन वाटून देता येत नाही. एकाने लाइन वर धरली असताना दुसऱ्याची चढती कडा दिसणार कशी? दुसरा परिणाम त्याहून त्रासदायक आहे. समजा वर्दी आली, ड्रायव्हर थोडा उशिरा पोचला, तोवर फिफोत ७०० नमुने साठले होते. ड्रायव्हरने मोजून ५०० उचलले आणि परत गेला. हे उचलेपर्यंत मागून आणखी ३५० पडले. आता फिफोत ५५० आहेत, म्हणजे तो अजून अर्ध्याच्या वरच आहे, म्हणजे लाइन खाली आलीच नाही. खाली आली नाही म्हणून पुन्हा चढणार नाही, आणि चढणार नाही म्हणून पुढची वर्दी कधीच येणार नाही. रीडिंग जागच्या जागी थांबतं आणि एररचा एकही मेसेज येत नाही. उपाय ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या हातात आहे: मोजून ठरावीक नमुने उचलायचे नाहीत, अर्ध्याचा बिट उतरेपर्यंत उपसत राहायचं, आणि मगच काम झाल्याचा निरोप कंट्रोलरला द्यायचा. ८ ते १५ मधली लाइन असेल तर तो निरोप दोन्ही ८२५९ चिपना द्यावा लागतो.

पीसीआयवर पद्धत उलटी आहे. लाइन खाली ओढलेली असेपर्यंत वर्दी जिवंत, म्हणजे लेव्हल ट्रिगर्ड. त्यामुळे अनेक कार्डं एक लाइन सुखाने वाटून घेतात. फक्त प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या कार्डचा स्टेटस वाचून, वर्दी आपल्याकडूनच आली का, हे पाहायचं आणि आली असेल तर ती कार्डवर पुसून टाकायची. पुसायचं राहिलं तर लाइन खालीच राहते आणि प्रोसेसर त्याच वर्दीत पुन्हा पुन्हा अडकतो. लिनक्स अशा वेळी हिशेब ठेवतो: एका लाइनवरच्या १ लाख वर्द्यांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त कुणीच आपल्या मानल्या नाहीत, तर तो ती लाइनच बंद करतो. त्या लाइनवर तुमच्या बोर्डच्या शेजारी नेटवर्क कार्ड असेल तर तेही सोबत आडवं होतं.

पीसीआय एक्सप्रेसच्या बोर्डवर वायरचा प्रश्नच राहत नाही. तिथे एमएसआय पद्धतीत बोर्ड मेमरीतल्या ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहितो, आणि तेच इंटरप्ट. एमएसआयमध्ये एका उपकरणाला ३२ पर्यंत आणि एमएसआय-एक्समध्ये २०४८ पर्यंत वेगळ्या वर्द्या मिळू शकतात, त्यामुळे वाटून घेण्याची वेळच येत नाही. मला त्यातली आणखी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. ही वर्दी डेटाच्याच वाटेने, डेटाच्या मागून येते. वर्दी पोचली याचा अर्थ तिच्या आधी पाठवलेले नमुने मेमरीत पोचलेले आहेत. जुन्या वायरच्या पद्धतीत वर्दी डेटाच्या पुढे धावू शकत असे, आणि ते टाळायला ड्रायव्हरला बोर्डवरचं एखादं रजिस्टर मुद्दाम वाचावं लागे. ड्रायव्हरमध्ये एमएसआय निवडायची सोय असेल तर ती चालू करा.

यूएसबी बोर्डला तर स्वतःची इंटरप्ट लाइन नसतेच. यूएसबीवर उपकरण आपणहून बोलत नाही, होस्ट कंट्रोलर विचारेल तेव्हाच उत्तर देतं. तिथे निवडायचा आकडा म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या बफरचा आकार, आणि तो सढळ हाताने ठेवावा.

पॉवर: किती, कुठून, किती स्वच्छ

कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय डिजिटल चिपांसाठी बनलेला असतो. ५ व्होल्ट म्हणजे ४.७५ ते ५.२५ मधलं काहीही चालतं, आणि त्यावर ५० मिलिव्होल्टपर्यंतचा रिपल, म्हणजे व्होल्टेजची बारीक लहर, पीसीच्या पॉवर सप्लायसाठीच्या एटीएक्सच्या नियमात बसतो. १२ व्होल्टच्या लाइनवर तर १२० मिलिव्होल्ट. डिजिटल चिपला याचं काही वाटत नाही. आता हेच आकडे एडीसीच्या बाजूने पाहा. उणे १० ते अधिक १० व्होल्टच्या पट्ट्यात १२ बिटची एक पायरी, म्हणजे एडीसीला ओळखता येणारा सगळ्यात लहान फरक, ४.८८ मिलिव्होल्टची होते, १६ बिटची फक्त ०.३०५ मिलिव्होल्टची. म्हणजे सप्लायवरचा नियमात बसणारा ५० मिलिव्होल्टचा रिपल १६ बिटच्या १६० हून जास्त पायऱ्यांएवढा आहे. म्हणूनच चांगल्या बोर्डवर अ‍ॅनालॉग भागासाठी वेगळा डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि त्यामागे लिनियर रेग्युलेटर असतात. ते बराचसा रिपल गाळतात, सगळा नाही. फ्रीक्वेन्सी वाढत जाते तशी अ‍ॅम्प्लिफायरची सप्लायवरचा गोंगाट थोपवायची ताकद कमी होते. बोर्ड ग्राफिक्स कार्डापासून लांबच्या स्लॉटमध्ये बसवणं हा फुकटातला उपाय आहे.

आता किती करंट मिळतो ते पाहू. पीसीआय स्लॉटची मर्यादा २५ वॉट. पीसीआय एक्सप्रेसच्या एक लेनच्या कार्डला सुरुवातीला १० वॉट, आणि मोठ्या कार्डने तशी मागणी नोंदवली तर २५. यूएसबी २.० वर ५०० मिलिअँपिअर, तेही ओळख पटल्यावर, त्याआधी १००. यूएसबी ३.० वर ९००. बोर्ड स्वतः या मर्यादेत बसतो. घोळ होतो तो टर्मिनलवरच्या ५ व्होल्टच्या पिनमुळे. ती दिसते म्हणून लोक तिच्यावर सगळं लटकवतात.

एक प्रत्यक्ष हिशेब करू. ३५० ओहमचा स्ट्रेन गेज ब्रिज, म्हणजे भार मोजणारा सेन्सर, ५ व्होल्टवर सुमारे १४.३ मिलिअँपिअर घेतो. चार ब्रिज म्हणजे ५७. इथवर ठीक. त्याच पिनवर ५ व्होल्टचे चार रिले लावले, प्रत्येकाची कॉइल ७० ओहमची, तर प्रत्येकी सुमारे ७१ मिलिअँपिअर, एकूण २८५. रिले ओढले गेले की पिनवरचं व्होल्टेज ५.०० वरून, समजा, ४.९५ वर उतरतं. ब्रिजचं आउटपुट त्याला दिलेल्या व्होल्टेजच्या प्रमाणात असतं, त्यामुळे रीडिंगही १ टक्क्याने उतरतं. ज्या भाराचं मापन चाललंय तो तसूभरही हललेला नाही, आणि आलेखात रिलेच्या प्रत्येक खटक्याला एक खळगा. रिलेंना वेगळा सप्लाय द्या, त्यांच्या परतीच्या करंटची वायर सेन्सरच्या ग्राउंडच्या वायरीतून नेऊ नका, आणि एक चॅनेल मोकळा असेल तर ब्रिजला दिलेलं व्होल्टेजही त्यावर मोजून रीडिंगला त्याने भागा. शेवटच्या उपायाने सप्लायचे सावकाश चढउतारही रद्द होतात.

काही बोर्डांवर ५ व्होल्ट कॉम्प्युटरकडून घ्यायचे की बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरकडून, हे ठरवणारा जंपर असतो. बाहेरचा सप्लाय जोडण्याआधी हा जंपर बदलायचाच. दोन्ही एकत्र जोडले गेले तर ज्याचं व्होल्टेज जरासं जास्त तो दुसऱ्यात करंट ढकलतो, आणि कॉम्प्युटर बंद असेल तर बाहेरचा सप्लाय त्याच्या मदरबोर्डला उलट बाजूने वीज देऊ लागतो.

असंच काहीसं इनपुटमधूनही घडतं. कॉम्प्युटर बंद आहे आणि सेन्सर मात्र आपल्या सप्लायवर चालू आहे, अशा वेळी सेन्सरचं व्होल्टेज इनपुटच्या संरक्षक डायोडमधून बोर्डच्या सप्लाय लाइनवर शिरतं. बोर्ड धड बंद नाही, धड चालू नाही. त्या अवस्थेत कॉम्प्युटर चालू केला तर चिप लॅच-अपमध्ये जाऊन, म्हणजे आतून शॉर्ट झाल्यासारखी अडकून, तापू शकते. म्हणून आधी कॉम्प्युटर, मग सेन्सर. बंद करताना उलट क्रम.

वीज वाचवण्याच्या सोयी

वीज वाचवायच्या सेटिंगमध्ये इंटरप्ट आणि पॉवर दोन्हींचे धागे एकत्र येतात. प्रोसेसर रिकामा असला की खोल झोपेत जातो, आणि तिथून उठायला त्याला दहा-वीसपासून शेकडो मायक्रोसेकंद लागू शकतात. हा वेळ वर काढलेल्या सवडीतून वजा होतो. मोठा फिफो असेल तर ते खपून जातं. नमुन्यागणिक वर्दी असेल तर अजिबात नाही. पीसीआय एक्सप्रेसची लिंकही अशीच डुलकी घेते. तिची सेटिंग विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये असते.

यूएसबीचं प्रकरण जास्त गंभीर आहे. सस्पेंड झालेल्या उपकरणाने सरासरी २.५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट घ्यायचा नाही, असा यूएसबी २.० चा नियम. म्हणजे बोर्ड सस्पेंड झाला की नमुने तर थांबतातच, वर बोर्डवरून चालणाऱ्या सेन्सरचाही पुरवठा तुटतो आणि गरम झालेला अ‍ॅनालॉग भाग थंड पडतो. जाग आल्यावर येणारी पहिली काही रीडिंग त्यामुळे सरकलेली असतात. बऱ्याच बोर्डांच्या माहितीपत्रकात १५ ते ३० मिनिटांचा वॉर्म-अप मागितलेला असतो, तो याच कारणाने. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा, आणि पॉवर प्लॅनमधलं सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. लिनक्समध्ये त्या उपकरणाची पॉवर कंट्रोलची किंमत ऑटोवरून ऑन करायची. रात्रभर चालणाऱ्या मापनासाठी कॉम्प्युटरची स्वतःची स्लीपही बंद असली पाहिजे.

सेन्सर जोडण्याआधीच्या दोन चाचण्या

उभ्या अक्षासाठी: एका चॅनेलचं इनपुट बोर्डच्या टर्मिनलवरच अ‍ॅनालॉग ग्राउंडला शॉर्ट करा, वॉर्म-अप होऊ द्या आणि पूर्ण वेगाने मिनिटभर नमुने घ्या. आकडे शून्याच्या आसपासच्या मोजक्या पायऱ्यांत राहायला हवेत. मग एकेक करून रिले ओढा, मोठी फाईल कॉपी करा, स्क्रीनवर काहीतरी जड चालवा. ज्या क्षणी पसारा वाढतो, त्या क्षणी चालू केलेली गोष्ट तुमच्या पॉवरला त्रास देते आहे. इनपुट शॉर्ट असूनही ५० किंवा ६० हर्ट्‌झची लाट दिसली तर सप्लायच्या आधी ग्राउंडची जोडणी तपासा.

आडव्या अक्षासाठी: फंक्शन जनरेटरवरून १ हर्ट्‌झची त्रिकोणी लाट द्या, उणे १० ते अधिक १० व्होल्ट. अर्ध्या सेकंदात २० व्होल्ट चढायचे म्हणजे सेकंदाला ४० व्होल्ट, आणि १ लाखाच्या वेगाला प्रत्येक नमुन्यामागे ०.४ मिलिव्होल्ट. मध्ये ५१२ नमुने गळले तर उतारावर सुमारे ०.२ व्होल्टची सरळ पायरी दिसते, डोळ्यांना सहज कळेल अशी. जास्त फ्रीक्वेन्सीची लाट इथे घेऊ नका. गळलेला तुकडा नेमका पूर्ण आवर्तनांएवढा असेल तर त्यात जोड दिसतच नाही. चाचणी तासभर चालू ठेवा, त्यात फाईल कॉपी करा, नेटवर्कवर भार टाका, स्क्रीन लॉक होऊ द्या, आणि ओव्हररनचा बिट प्रत्येक वाचनाला नोंदवत राहा.

दोन्ही चाचण्यांच्या फाईली त्या मशीनच्या सेटिंगच्या नोंदीसोबत जपून ठेवा. जंपर कुठे, लाइन कोणती, बेस अ‍ॅड्रेस काय, ड्रायव्हर कोणत्या व्हर्जनचा, हे सगळं त्याच नोंदीत. पुढे पॉवर सप्लाय बदलला, नवं कार्ड बसवलं किंवा ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट झाली की याच दोन चाचण्या पुन्हा घ्यायच्या आणि जुन्या फाईलींशी ताडून पाहायच्या. अपडेटनंतर तर आधी सिलेक्टिव्ह सस्पेंड पाहा, कारण ती सेटिंग कधीकधी आपोआप पुन्हा चालू झालेली सापडते.